चिलापीच्या खवल्यांची पावडर

शिरूरच्या कॉलेजात एम.एस्सी.ला आम्ही दोघी मैत्रिणी एकाच बाकावर बसायचो. मी न्हावऱ्याची, ती दौंडची. तिचे अब्बा दौंडच्या बाजारात उजनी धरणातली मासळी विकायचे. पहिला नंबर माझा, दुसरा तिचा, हे दोन्ही वर्षं ठरल्यासारखंच होतं. निकालाच्या दिवशी ती माझं अभिनंदन करायची आणि मला ते अगदी रास्त वाटायचं.

पुढं मी शिरूरजवळच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत लागले. आजारी माणसांनी दुधात कालवून घ्यायची पोषक पावडर तिथं बनते. ओलावा मोजायचा, नमुना जाळून उरलेली राख मोजायची, सही करायची. ती पुण्याला संशोधनाला गेली. अब्बा चिलापी मासे साफ करायचे तेव्हा जे खवले उकिरड्यावर जायचे, त्यांच्यावरच तिनं काम धरलं. खवल्यातलं प्रथिन तोडून बारके तुकडे करायचे. ते तुकडे, म्हणजे पेप्टाइड, कॅल्शियमला धरून ठेवतात, त्याचा गाळ होऊ देत नाहीत, म्हणून ते अंगी लागायला सोपं जातं, असं ती फोनवर सांगायची. मी ‘छान’ म्हणायचे, आणि मग दिवसभर मला कशातच गोडी वाटायची नाही. तिला विषय दारातच सापडला होता. माझ्या दारात ऊस होता, कांदा होता, त्यात मला काहीच कसं दिसलं नाही?

एक दिवस तिनं केलेल्या त्या पेप्टाइडच्या पावडरीचा नमुना, आमच्या पावडरीत घालता येईल का ते बघायला, आमच्याच कारखान्यात आला आणि साहेबांनी तो तपासायला माझ्याकडं दिला. मी दोन नळ्यांत कॅल्शियमचं पाणी घेतलं, एकीत तिची पावडर घातली, मग दोन्हींत कॅल्शियमचा गाळ करणारं फॉस्फेट सोडलं. साध्या नळीत पांढरा गाळ बसला. तिच्या नळीतलं पाणी नितळ राहिलं. तीनदा करून पाहिलं. एकदा तरी गढूळ हो, असं मी मनात म्हणत होते.

पावडरीला मासळीचा वास होता, पॅकिंगमधल्या बायकांनी नाकं मुरडली होती, तेही खरंच. अहवालात मी वासाबद्दल पानभर लिहिलं आणि नितळ नळीबद्दल एक ओळही नाही. साहेबांनी नमुना नाकारला.

आठवड्यानं तिचा फोन आला. वास येतो हे तिलाही माहीत होतं. कॅल्शियमचं काय झालं, एवढंच तिनं विचारलं.

“ती चाचणी केलीच न्हाई,” मी म्हणाले.

ती ‘बरं’ म्हणाली आणि माझ्या आईच्या गुडघ्याची चौकशी करून तिनं फोन ठेवला.

त्या चौकशीनं मला स्वस्थ बसू दिलं नाही. रविवारी ती पुण्याहून घरी यायची, म्हणून मी एसटीनं दौंडला गेले. अब्बा दुकानात तिच्यासाठी खवले धुऊन चादरीवर वाळत घालत होते. मला बसायला स्टूल पुसून देत म्हणाले, “लई नाव काढती तुझं.” मला तिथं बसवेना. ती आल्यावर तिला रेल्वे कॉलनीच्या रस्त्यानं घेऊन गेले आणि सगळं सांगितलं.

ती चालता चालता थांबली. मग म्हणाली, “का केलंस?”

“तुझं चांगलं चाललंय ते बघवंना.”

“मला दोन वर्षं तुझा पहिला नंबर बघवत नव्हता. पण मी तुझा पेपर कवा लपवला न्हाई.”

सोमवारी मी साहेबांपुढं पूर्ण अहवाल ठेवला. त्यांनी मला चांगलंच झापलं, पण निर्णय बदलला नाही. वास होताच, शिवाय पाकिटावर मांसाहारी खूण लावावी लागली असती. पुढं तिनं वास काढायची युक्ती शोधली आणि दुसऱ्या एका कंपनीनं ती पावडर बिस्किटासाठी घेतली. आमचे फोन कमी झाले. ईदला मी करते, दिवाळीला ती करते.

परवा कारखान्यात आलेल्या पेपरात त्या बिस्किटांच्या बातमीसोबत तिचा फोटो होता. मी उभ्यानंच बातमी वाचली. पेपर घडी घालून पालथा ठेवला. तरी तिला फोन लावून अभिनंदन केलं. ती कामात होती, दोन मिनिटं बोलली.