मिलिंदने हात दाखवला होता

मिलिंदच्या तेराव्याला त्याच्या धाकट्या भावाने, निलेशने, सगळ्यांसमोर माझ्या मुस्काटात मारली.

चष्मा सोफ्याखाली गेला. ओठ फुटला.

आज मिलिंदला जाऊन वर्ष झालं. आणि सकाळपासून निलेशची ती जुनी पोस्ट पुन्हा फिरते आहे. ट्रक ड्रायव्हरचा फोटो, खाली मोठ्या अक्षरांत ‘खुनी’.

तुमच्यापैकी कितीतरी जणांनी ती शेअर केली आहे.

म्हणून लिहितोय. मिलिंदबरोबर तिथे फक्त मी होतो.

नवरात्रातला शनिवार होता. इथे न्यूझीलंडमध्ये तेव्हा वसंत असतो; पापाकुरा गाव मागे टाकून आम्ही सायकलींवर निवांत निघालो होतो. रेस नाही, ॲप नाही. ज्या वेगाने गप्पा मारता येतील त्याच वेगाने जायचं, हा मिलिंदचा नियम.

दोन्ही बाजूंना हिरवी कुरणं. नुकती जन्मलेली कोकरं आयांच्या मागे धडपडत होती. असं ऊन की देवाला हात जोडावेत.

तेवढ्यात एका मॅगपायने मागून येऊन माझा कान फोडला. वसंतात घरट्याजवळून कोणी गेलं की हे पक्षी असेच तुटून पडतात. रक्त मानेवरून कॉलरमध्ये उतरलं.

मिलिंद हसून हसून सायकलवरून पडायच्या बेतात.

“महाराज, देवीने टिळा लावला तुम्हाला! नेम चुकला एवढंच.”

“हसतोस काय, रुमाल दे.”

“रक्त गेलंय, आता उपास सोडा. पुढच्या दुकानात सॉसेज रोल घेऊ.”

“नवरात्र आहे, मिलिंद.”

“अरे, इंडियात आत्ता रात्र आहे. देवी झोपलीय. कोण बघतंय?”

मी गावच्या शाळेत शिकलेला, देवभोळा माणूस. तो पुण्याचा इंजिनिअर. असं रोज चालायचं आमचं.

पुढच्या वळणावर एक कोकरू तारेखालून निसटून रस्त्याच्या मधोमध उभं होतं.

मिलिंदने सायकल गवतात टाकली आणि चालत मध्ये गेला. समोरून खडीचा ट्रक आला.

“मिलिंद, बाजूला हो!”

“थांबेल रे तो!”

आणि त्याने हात दाखवला.

तुम्हाला माहीत आहे तो हात. पंजा उघडा, नजर ड्रायव्हरकडे, पाय चालतच. आपण सगळे तसेच रस्ते ओलांडून मोठे झालो. तिकडे रिक्षा थांबते, बस हळू होते, बाइकवाला शिवी देऊन वळसा घालतो. तो हात म्हणजे ‘मी येतोय, सांभाळ’.

इथल्या गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर नव्वदच्या वेगाने येणारा खडीने भरलेला ट्रक असा थांबत नाही.

हॉर्न ऐकताच कोकरू आपलं आपण तारेखालून आत गेलं.

मिलिंद तिथेच होता.

टायर किंचाळले. जळलेल्या रबराचा वास आला. मग एक आवाज झाला, तो मी इथे लिहिणार नाही. एक बूट झाडीत जाऊन पडला. डोक्याखाली रक्ताचं थारोळं झालं आणि ते उतारावरून माझ्याकडे वाहत आलं.

ड्रायव्हर खाली उतरून धावत आला. दांडगा माओरी माणूस, इथल्या मूळच्या लोकांपैकी. ॲम्ब्युलन्सला फोन लावून त्याने जॅकेट काढलं, मिलिंदवर घातलं, गुडघ्यांवर बसला आणि त्याच्या कपाळावर हात ठेवून आपल्या भाषेत प्रार्थना म्हणू लागला.

मी शेजारी बसून रामरक्षा म्हणत होतो.

मिलिंद आमच्या दोघांच्या मध्ये गेला.

पोलिसांना मी जे पाहिलं ते सांगितलं. ट्रकचा वेग त्यांनी तपासला, मर्यादेतच निघाला. केस झाली नाही.

तेराव्याला निलेश आला तोच माझ्या अंगावर.

“दादा, तुम्ही का नाही सांगितलं तो स्पीडिंग करत होता म्हणून?”

“कारण करत नव्हता. निलेश, मिलिंदने हात दाखवला.”

“म्हणजे माझा भाऊ मूर्ख होता? तू तिथे देवाचं नाव घेत बसलास आणि आता त्या xxxची बाजू घेतोस?”

आणि हात उठला. दुसऱ्यांदाही उठला असता.

वहिनी, मिलिंदची बायको, आतून आल्या. आवाज अगदी साधा होता.

“सोड त्यांना, निलेश. हात दाखवलाच असणार त्याने. इथे मॉलसमोरसुद्धा दाखवायचा. मी कितीदा ओरडले असेन.”

निलेश निघून गेला. त्याच रात्री ती पोस्ट आली.

आता ऐका. गेल्या महिन्यात त्या ड्रायव्हरच्या घराची खिडकी कोणीतरी दगडाने फोडली. दगडाला निलेशच्या पोस्टची प्रिंट गुंडाळलेली होती. काचा त्याच्या झोपलेल्या मुलीच्या अंथरुणावर पडल्या.

त्याने मला फोन केला. तक्रार करायला नाही.

“ब्रो,” तो म्हणाला, “खरं सांग. मी अजून आधी ब्रेक मारायला हवा होता का?”

वर्षभर हा माणूस स्वतःला हेच विचारतोय. ट्रक चालवणं त्याने सोडलंय.

मी नाही म्हणालो. आज तुम्हा सगळ्यांसमोर पुन्हा म्हणतो. नाही. त्याची चूक नव्हती.

ज्यांनी पोस्ट शेअर केली, त्यांनी आत्ता काढा. उद्या नाही, आत्ता. पुढचा दगड त्या पोरीच्या डोक्यात बसला तर ते रक्त आपल्या हाताला लागेल.

निलेश, तुला मला अजून मारायचं असेल तर घर तुला माहीत आहे. ये. चहा ठेवतो. पण त्या माणसाला सोड.

मिलिंद, सकाळी तुझ्या नावाने देवापुढे दिवा लावला.

तुला शांती मिळो, मित्रा. आणि तुझ्यामागे आम्हालाही.