मागे अडथळा

आरसेबुवा हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. चौतीस वर्षं बस चालवली आणि डेपोत कंडक्टरच्या शिट्टीवाचून, नुसत्या दोन आरशांच्या भरवशावर ती मागे घेतली, म्हणून सोबत्यांनी ठेवलेलं. निवृत्तीनंतर लेकीने हौसेने गाडी घेऊन दिली, तर ती स्वतःच स्वतःला पार्क करणारी! बटण दाबायचं आणि हात मांडीवर ठेवून बसायचं. बुवांना लाज वाटली, पण लेकीचं मन मोडवेना.

काही महिन्यांनी ही शहाणी गाडी अर्ध्यातच थांबू लागली. पडद्यावर लाल अक्षरं: मागे अडथळा. बुवा उतरून पाहत, तर मागे काहीच नाही. दुसऱ्या कोणी गाडीला चार शिव्या हासडल्या असत्या. बुवांना मात्र आपल्याच डोळ्यांचा संशय आला. थोरल्या भावाची नजर अशीच हळूहळू गेली होती, आणि त्याला स्वतःला ते सगळ्यांच्या शेवटी कळलं होतं. मांजर असेल, पळालं असेल, गाडीला दिसलं आणि आपल्याला नाही! ज्याची सारी अब्रू डोळ्यांत, त्याने हे सांगावं तरी कोणाला? बायकोला म्हणाले, गुडघा दुखतोय, आणि किल्ली खुंटीला टांगली.

तीन आठवडे कसेबसे काढले. मग एका सकाळी मुंगीच्या पावलांनी गाडी गॅरेजात नेली. गाडी ठणठणीत निघाली तर बिघाड आपल्यातच, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

वायरिंगचं काम करणाऱ्या बाईंनी प्रश्नांची सरबत्तीच लावली. बंपरला नवा रंग दिलात? नाही. कुठे ठोकली? नाही. मागे स्टिकर, सायकलचं स्टँड? नाही. बॅटरी उतरली होती? नाही. चिखल तर औषधालाही नव्हता. दर 'नाही'सरशी बुवांचा धीर सुटत चालला.

बाई बंपरपाशी उकिडव्या बसल्या आणि नखाने काहीतरी खरवडू लागल्या. पांढरा भुगा पडला.

"काका, पॉलिश कितीदा करायचात?"

"दिवसाआड. माझी बससुद्धा लखलखायची!"

"तरीच! हे बटणाएवढे गोल आहेत ना, ते सेन्सर. त्यांच्या खाचेत तुमचं पॉलिश वाळून बसलंय. गाडीला तोच अडथळा वाटतोय. माया जरा कमी करा."

ओल्या फडक्याने पुसल्यावर गाडी निमूट मागे गेली आणि खांबाच्या अलीकडे बरोब्बर थांबली. बुवांना इतकं हलकं वाटलं, की बाईंच्या देखतच डोळे वाहू लागले.

घरी येऊन त्यांनी बायकोला सगळं सांगून टाकलं, गुडघ्याच्या थापेसकट. ती शिलाई मशीनवरून उठलीही नाही.

"तुम्ही भिंत चाचपत चालायला लागलात, तेव्हाच ओळखलं मी. उगाच का रोज सुई ओवून मागत होते?"

"म्हणजे ते..."

"तीन आठवडे. रोज आदल्या दिवसापेक्षा बारीक सुई. एकदाही चुकला नाहीत."

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"उद्या चुकलात तर, म्हणून," ती म्हणाली, आणि मशीनचं चाक थांबवून इतक्या दिवसांत पहिल्यांदाच रडली.