वहिनी काय म्हणाली होती

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. म्हणजे — गेल्या महिन्यात घरच्यांसमोर बोलून गेले, पण अर्धंच. उरलेलं अर्धं पहिल्यांदा तुम्हालाच सांगते आहे. तुम्ही समोर बसलेले नाही, म्हणून जमेल असं वाटतंय. बघू.

कुठून सुरू करू? घरापासून करते. आमचं गाव शहापूर-मुरबाड रस्त्यावर, किन्हवलीच्या पुढं. घरात आई, माझा थोरला भाऊ — आम्ही दादा म्हणतो — आणि दादाची बायको, हिरावहिनी. वहिनी सिद्धगडाच्या पायथ्याच्या एका वाडीतली. आमचा समाज एकच. पण मी आश्रमशाळेत राहून बारावी झालेली, पुस्तकातलं बोलणारी, आणि ती चौथीपर्यंत शिकलेली, बोलायची तिच्या वाडीचं. लग्न होऊन आली तेव्हा मलासुद्धा कान देऊन ऐकावं लागायचं. मग सवय झाली.

लग्नानंतर चार वर्षांनी वहिनीला मुलगी झाली. सव्वा महिन्याची असताना तिला ताप भरला आणि मुरबाडच्या दवाखान्याच्या वाटेवरच ती गेली.

त्यानंतर तीन महिन्यांनी मी माहेरी परत आले. मला कल्याणला दिलं होतं. नवऱ्याशी पटलं नाही — ती वेगळी गोष्ट, आणि तिच्यात माझा दोष फारसा नाही, म्हणून ती इथं सांगत नाही. माझ्या कडेवर नऊ महिन्यांची पिंकी होती. पुढं शहापूरच्या एका शाळेत मला कारकुनाची नोकरी लागली. सकाळी आठची एसटी, घरी यायला संध्याकाळचे सहा.

पिंकीला कोण सांभाळणार? हे कुणी विचारलंच नाही. आईचे गुडघे धरलेले, दादा शेतावर. पहिल्या दिवशी निघताना मी पिंकीला वहिनीच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाले, तुझाही जीव रमेल. आईही म्हणाली, बरं झालं, हिला विसर पडेल. वहिनी काहीच बोलली नाही. आम्ही त्याला होकार धरलं. सोयीचं होतं ना ते.

दोन-चार महिन्यांत तिचं जेवण तुटलं. भांडी घासता घासता हात थांबायचे. चुलीपाशी बसल्या जागी घाम फुटायचा, छाती धडधडायची. आईनं भगताकडून अंगारा आणला, तो लावून झाला. फरक पडेना. मग आमच्या शाळेतल्या एक बाई म्हणाल्या, हा मनाचा आजार असतो, त्याचे डॉक्टर असतात, उल्हासनगरला एक चांगले आहेत.

शिकलेली मीच. त्यामुळं मीच घेऊन गेले. गावात माझं केवढं कौतुक झालं — नणंद असून रजा टाकून वहिनीला दवाखान्यात नेते. ते कौतुक मी घेतलं. अजूनही कुणी काढलं तर गप्प राहून घेते.

डॉक्टर वयस्कर होते, हिंदी बोलणारे, आवाज मऊ. त्यांनी माझ्याकडं न बघता वहिनीलाच विचारलं की काय होतं. आणि वहिनी बोलली. खाली मान घालून, पदराचं टोक बोटाला गुंडाळत, भरभर, तिच्या वाडीच्या बोलीत — एवढं सलग बोलताना मी तिला कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. डॉक्टरांना काही उमगेना. त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

ती काय म्हणाली होती ते आता लिहिते. ती म्हणाली होती, "हिची पोर मांडीव घेतली का माझा जीव जातो. मला नाय धरवत तिला. ती रडाय लागली का वाटतं टाकून द्यावी, काय तरी करून बसंन मी. मंग मला माझ्याच हातांची भीती वाटते."

मला सगळं कळलं. शब्दन् शब्द कळला. आणि मी डॉक्टरांना सांगितलं, "छाती में धडधड होता है. भूख नहीं लगती. डर लगता है."

यात खोटं एक अक्षर नव्हतं. फक्त पिंकी नव्हती.

का केलं? विचार करायला वेळच नव्हता, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. पण विचार झाला होता. एका क्षणात झाला होता. खरं सांगितलं तर डॉक्टर म्हणणार, बाळ हिच्यापासून लांब ठेवा. मग पिंकी कुठं जाणार? मग आठची एसटी कोण पकडणार? शाळेतली माझी खुर्ची, टेबलावरचा माझा पेन, सगळे मला 'मॅडम' म्हणायचे ते — हे सगळं मला त्या एका क्षणात दिसलं. वहिनी शेजारी बसली होती, ती मात्र दिसली नाही.

डॉक्टरांनी धडधडीच्या गोळ्या दिल्या. आम्ही घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिंकीला पुन्हा तिच्या मांडीवर ठेवलं.

तुम्ही म्हणाल, आई ना तू? जिला स्वतःच्या हातांची भीती वाटते, तिच्याकडं स्वतःची पोर सोडून जायला भीती नाही वाटली? नाही वाटली. मला पक्कं ठाऊक होतं की वहिनी पिंकीला काही करणार नाही. तिच्या चांगुलपणावर माझा एवढा विश्वास होता — आणि त्या विश्वासावरच मी जवळजवळ दोन वर्षं नोकरीला गेले. पुढं तिनंच कधीतरी सांगितलं, पिंकी रडायला लागली की ती तिला अंगणात गोधडीवर ठेवायची आणि गोठ्याच्या मागं जाऊन, दोन्ही हात काखेत दाबून, उभी राहायची. रडणं थांबेपर्यंत.

गोळ्यांनी तिला गुंगी यायची, बाकी काही नाही. मी घरी सांगितलं, ह्या डॉक्टरांच्या हाताला गुण नाही. मग कल्याणला दुसरे गाठले. हे शुद्ध मराठी बोलणारे. त्यांनी वहिनीला वही आणायला सांगितली — मनात येईल ते रोज लिहा. वहिनीनं वही आणली, पहिल्या पानावर तारीख घातली, आणि ते पान तसंच राहिलं. मी घरी सांगितलं, हे शिकलेल्या लोकांचे डॉक्टर आहेत, आपल्याला लागू पडायचे नाहीत. तेही तसं खरंच होतं, नाही का? माझं प्रत्येक वाक्य तसं खरंच असायचं. डॉक्टर बदलत होते. शेजारच्या खुर्चीत दरवेळी मीच होते.

पिंकीला तिसरं सरून चौथं लागलं तेव्हा कळलं की शहापूरच्या एका दवाखान्यात महिन्यातून दोन गुरुवारी ठाण्याहून एक बाई येतात. गोळ्या देत नाहीत, नुसतं बोलतात. नुसतं बोलून काय होणार, असं आई म्हणाली. मलाही जावंसं वाटत नव्हतं, का ते तुम्हाला कळलंच असेल. पण शाळेतल्या बाईंनी वेळ ठरवून टाकली होती.

बाई पन्नाशीच्या, केस बारीक कापलेले. आम्ही आत गेलो, मी खुर्ची ओढली, तर त्या म्हणाल्या, "तुम्ही बाहेर बसा."

मी म्हणाले, "हिचं बोलणं तुम्हाला कळणार नाही. तिकडच्या वाडीतली आहे."

"नाही कळलं तर मी त्यांनाच परत विचारेन," बाई म्हणाल्या, आणि दार लावून घेतलं.

बाहेर बाकावर मी तासभर बसले. आतून आधी काही ऐकू येईना. मग वहिनीचा आवाज आला, मग रडणं, मग बराच वेळ पुन्हा आवाज. आता दार उघडणार, बाई मला आत बोलावणार आणि विचारणार — असं वाटत होतं. बाई बाहेर आल्या, वहिनीला म्हणाल्या, "पुढच्या गुरुवारी जमणार नाही, त्याच्या पुढच्या या." माझ्याकडं बघून मान हलवली. बस्स.

शहापूरच्या एसटी स्टँडवर आम्ही गाडीची वाट बघत उभ्या होतो. वहिनीचे डोळे सुजले होते, पण चेहरा — कसं सांगू — धुतल्यासारखा होता.

"लताबाय," ती म्हणाली, "उद्यापासून मी पिंकीला नाय सांभाळायची."

मी बरं म्हणाले.

जरा वेळानं ती म्हणाली, "मला हिंदी कळतं गो. ल्हानपणी बापासंगती भिवंडीकडं वीटभट्टीव असायचो आमी. मुनीम हिंदीच बोलायचा."

उल्हासनगरच्या त्या खोलीत ती शेजारी बसून सगळं ऐकत होती. तिनं काय सांगितलं, मी काय सांगितलं, सगळं.

"मग तूच का नाही बोललीस?" हे मी विचारलं. मी! विचारायची हिंमत मलाच झाली.

"त्या दिसापासनं तू बाजूला बसलीस का माझं तोंड नाय उघडत," ती म्हणाली. "आनि तुझी नोकरी होती. मला वाटलं, व्हईल सवय." तेवढ्यात किन्हवलीची गाडी लागली, आणि ती जागा धरायला पुढं गेली.

दुसऱ्या दिवशी पिंकी बालवाडीत गेली, दुपारनंतर शेजारच्या सुमनकाकूंकडं. दोन दिवसांत सगळं बसलं. एवढं सोपं होतं ते. माझी नोकरी गेली नाही.

वहिनी शहापूरच्या बाईंकडं वर्ष-दीड वर्ष जात राहिली, एकटी, एसटीनं. हळूहळू तिला भूक लागायला लागली. लावणीच्या वेळी शेतात तिचं हसणं बांधावरून ऐकू यायचं. आणि एक दिवस ती आईशी मोठ्यानं भांडली — मिठावरून की कशावरून — तेव्हा मला वाटलं, झाली ही बरी.

पण घरात एक बोलणं पडलं ते पडलंच. हिनं पोरीला टाकलं. हिचं काळीज दगडाचं. आई म्हणायची, दादाही एकदोनदा म्हणाला. मी ऐकायचे. एका वाक्यात थांबवता आलं असतं, ते वाक्य माझ्याकडंच होतं. इतकी वर्षं मी ते तोंडात धरून बसले.

गेल्या महिन्यात आई पिंकीबरोबर वाल सोलत बसली होती. पिंकी आता नववीत आहे. आई तिला सहज म्हणाली, "तुझ्या मामीनं तुला ल्हानपणीच टाकली. दिसायला गोड, आतून नाय." वहिनी तिथंच भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही. पिंकीनं मात्र तिच्याकडं पाहिलं — निरखून, नव्यानं बघावं तसं. आणि मला ते सहन झालं नाही.

मी बोलले. सगळ्यांसमोर. वहिनीनं डॉक्टरांना खरं काय ते सांगितलं होतं, मी ते त्यांच्यापर्यंत पोचू दिलं नाही, तिला होत नव्हतं आणि मी करायला लावलं. नीट वाक्यं झाली नाहीत. पण झालं सांगून.

दादानं विचारलं, "म्हंजे आमी हिला नाय नाय ते बोललो, ते—"

मी म्हणाले, "हो."

तो उठून अंगणात गेला. परत आला तो चुलीपाशी वहिनीच्या शेजारी जाऊन बसला. तिथं तो कधी बसत नाही. आईनं वाल सोलायचे थांबवले होते. पिंकी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, मामीच्या मागं मागं होती. वहिनी तेवढं म्हणाली, "भाकरी गरम हाय, जेवून घ्या." मी जेवले. इतक्या वर्षांत एवढी भूक मला लागली नव्हती.

पण म्हटलं ना, ते अर्धंच होतं. पिंकीचं नाव गाळलं, एवढंच मी घरात सांगितलं. गाळणं आणि खोटं बोलणं यांत फरक असतो, आणि मी दुसरंही केलं होतं.

उल्हासनगरला आम्ही तिसऱ्यांदा गेलो तेव्हा त्या म्हाताऱ्या डॉक्टरांना काहीतरी शंका आली असावी. त्यांनी गोळ्यांचा कागद बाजूला ठेवला, चष्मा काढला, आणि मला सावकाश, सोप्या हिंदीत विचारलं, "घर में कोई छोटा बच्चा है क्या?"

पिंकी तेव्हा दोन वर्षांची होती. वहिनी माझ्या शेजारी होती, तिचा खांदा माझ्या खांद्याला लागत होता.

मी म्हणाले, "नहीं, डॉक्टरसाब."

त्यांनी चष्मा घातला आणि गोळी बदलून दिली. त्यांच्या हाताला गुण होता. वहिनीला तेही कळलं होतं.

हे एवढं राहिलं होतं. आता सगळं सांगून झालं. माझी छाती मोकळी झाली आहे, श्वास पोटापर्यंत जातोय. हे मोकळेपण वहिनीला त्या दिवशीच मिळालं असतं. माझ्या एका 'हां'वर होतं ते.