पलटणीतले कांदे

आमचे मालक लढाईवरून सुखरूप परत आले, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तुमच्या जिवाला उगाच घोर. पण त्याआधीचा तो उन्हाळा मी कसा काढला ते माझं मला ठाऊक.

रजेवर ते कडेगावला आले ते खाकी मोज्यात कांदे भरून. मी मेली भोळी, भाकरीबरोबर फोडायला एक उचलला तर केवढ्यांदा ओरडले! "आगं, खाशील न्हाईतर! नरगिस हाय ती, फुलझाड. सरहद्दीवरनं आणलंय." जाताना म्हणाले, "मी येईस्तवर जगव." आता हे काय सांगणं झालं? पण माझ्या मनाला ते चिकटलं ते चिकटलंच.

मोरीच्या कडेला लावले आणि थंडीत फुलले की हो! पांढरी पाकळी, मधे पिवळी वाटी. वासापायी शेजारणी उगाच विस्तव मागायला यायच्या.

फुलं सरली, शिमगा आला आणि पात पिवळी पडायला लागली. तिकडून यांची खुशाली येणंही थांबलं होतं. झालं, मी डोक्यात घेतलं की ही पात गेली म्हणजे माणूस गेला. कुणापाशी बोलायची सोय नाही. माझं माहेर कृष्णाकाठचं, उसाचं. पिवळं दिसलं की पाणी पाजायचं, एवढंच ठाऊक. मी घागरी ओतत सुटले. पात आणखीच लोळली. समोर येईल त्याच्यावर खेकसत होते नुसती.

शेवटी सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आत्तींनी, घागर हातातून हिसकावली. त्यांचं माहेर सांगलीकडचं, हळदीच्या गावातलं.

"कुजवतीस का काय गं? हळदीचा पाला वाळला म्हंजे आमी रडतो व्हय? पाल्यातलं समदं बळ खाली गड्ड्यात उतरतंय. हिरवा हाय तवर हात लावायचा न्हाई. वाळून आडवा झाला की खणायचं."

"आणि खाली मेलं असलं तर?"

"जीभ झडली तुजी!"

पाणी तोडलं. नुसतं बघत बसणं लय वाईट. हात घागरीकडं शिवशिवायचे. ऊन तापलं आणि पाला कांद्याच्या सालीसारखा होऊन भुईला टेकला. आत्ती खुरपं घेऊन बसल्या. माझी बघायची छाती होईना, मी तोंड फिरवलं.

"बघ की गं भवाने!"

गड्डा निघाला होता. टणक, जड, अंगाला पिल्लं लगडलेली. अगं बाई गं! मी तिथंच फतकल मारली आणि हसता हसता रडायला लागले. जीव भांड्यात पडला.

"आता हळदीवानी शिजवू नका म्हंजे झालं," मी म्हणाले. आत्तीही हसल्या. बियाण्याची हळद ठेवतात तसे ते गड्डे आम्ही सावलीत पाल्याखाली झाकले. पाऊस सरल्यावर मोरीपासून लांब, पाणी न साचणाऱ्या जागी लावायचं ठरलं.

"तुमी होता म्हणून बरं, आत्ती. मला वाटलं हुतं, पात गेली की..."

"मलाबी तेच वाटलं हुतं."

"पर तुमाला तर ठावं हुतं न्हवं?"

"हळदीचं ठावं हुतं गं," खुरप्याची माती बोटानं काढत त्या म्हणाल्या. "ह्या पलटणीतल्या कांद्याचं मला काय कप्पाळ ठावं?"