अस्तर लावलेले शब्द

"एकट्या शब्दाचा काही भरोसा नाही, त्याले अस्तर लागते," असं कचरूमामा एकदा म्हणाले होते.

तेव्हा त्यांची सून धम्मशीला हसली होती. साखरखेर्ड्याच्या बाजारओळीत मामांचं शिलाईचं दुकान. पोरवयात दहावीला इंग्रजीत नापास झाले, ते थेट मशीनवर येऊन बसले आणि चाळीसेक वर्षं उठलेच नाहीत. साठी दोन वर्षांवर आली, तेव्हा धम्मशीलानं त्यांच्या नावानं दहावीला बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला. मामांनी सही केली आणि म्हणाले, "एकच डाव खेळतो, पोरी. यंदा गेलो तर पुस्तकाले पुन्हा हात लावणार नाही."

ते खरंच लावणार नाहीत, हे तिला ठाऊक होतं.

वहीत लिहिलेलं त्यांच्या डोक्यात टिकेना. मग त्यांनी आपली रीत काढली. कापड बेतलं की सुलट बाजूला खडूनं इंग्रजी शब्द लिहायचा, उलट बाजूला त्याचा विरुद्ध शब्द, आणि अस्तर असलं तर त्यावर त्याच अर्थाचा दुसरा. शिवून होईस्तोवर सगळे पाठ. मग ब्रशनं झटकून गिऱ्हाइकाच्या हाती.

जानेवारीत मंजुळाबाई ब्लाउज नाचवतच दुकानात शिरल्या.

"कचरूभाऊ, माह्या पाठीवर काय लिहून ठेवलं बा? नात वाचते अन् पोट धरून हासते!"

धम्मशीलानं तो बिनअस्तराचा ब्लाउज उलटा केला. आत ठसठशीत 'लेझी'. सुलट बाजूचा 'ॲक्टिव्ह' झटकला होता, उलटीकडचा तसाच राहिला होता.

"आळशी? चारले उठते मी! तुमच्या मशीनआधी माही चूल चालू होते!"

मामांनी मान वर न करता ब्रश फिरवला. त्या दिवशी खडू मशीनच्या खणात गेला. तीन दिवस कापडावर एकही शब्द उमटला नाही. परीक्षा महिन्यावर, आणि माणूस विझलेला. धम्मशीलाला काही सुचेना.

चौथ्या दिवशी मंजुळाबाई पुन्हा आल्या. हातात नवं कापड.

"याच्यात आता चांगला शब्द टाका. अन् झटकू नका."

"एका धुण्यात जाते तो, बाई."

"जाऊ द्या. तोवर पुरते."

मामांनी खण उघडला. खडू काढला आणि लिहिलं, 'ब्रेव्ह'. अर्थ सांगितला, तशा मंजुळाबाई पदर सावरून ताठ उभ्या राहिल्या.

मग अख्खी गल्ली लागली रांगेला. कोणाला शहाणी, कोणाला दयाळू, एका नवरीला नुसतं 'खूश'. एका घरच्या दोघी जावा आल्या, दोघींना 'सुंदर'च हवं. मामांनी थोरलीला 'ब्यूटिफुल' दिला, धाकटीला 'लव्हली'.

"यातला मोठा कोणता?" धाकटीनं विचारलं.

"दोन्हीचं माप एकच."

"मंग तिचा एवढा लांब काऊन?"

"तिची पाठ रुंद आहे," मामा म्हणाले, आणि थोरलीनं त्यांना कापडाची पिशवी फेकून मारली.

पुढच्या खेपेस धाकटीला लांबलचक शब्द हवा होता. मामांनी डिक्शनरी पालथी घालून 'मॅग्निफिसंट' काढला. एकीला दिलेला शब्द दुसरीला चालेना, म्हणून रोज नवा शोधावा लागे. परीक्षेला निघाले तेव्हा एकट्या 'आनंदी'ला त्यांच्याकडे अकरा शब्द होते.

निकालाच्या दुपारी दुकानात उभं राहायला जागा नव्हती. धम्मशीलाच्या मोबाइलवर पान उघडेना. उघडलं तेव्हा मंजुळाबाई तिच्या खांद्यावरून आत डोकावत होत्या.

"काय म्हणते?"

"इंग्रजीत एकोणसाठ," धम्मशीला म्हणाली. "पास, मामा. सगळ्याच विषयांत."

दुकानात एकच गलका उठला. मामांनी मोबाइल हातात घेतला, चष्मा कपाळावर सारून आकडा डोळ्यांजवळ नेला. मग तो परत सुनेच्या तळहातावर ठेवला आणि तिची बोटं त्यावर मिटवली. मशीनवर अर्धी बाही सुईखाली तशीच होती. त्यांनी चपला पायांत सरकवल्या. बायांनी वाट दिली, आणि कचरूमामा चाळीस वर्षांत पहिल्यांदाच काम अर्धं टाकून, ताठ मानेनं दुकानाबाहेर चालू लागले.