चाकाखालचं कुंकू

दिवाळीला मी घरी धानोऱ्याला आले, तेव्हा मायची गाडी विकायचं ठरून गेलं होतं. रविवारी अक्कलकुव्याहून गिऱ्हाईक येणार होतं. नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हे चहा ओतता ओतता सांगितलं. माय दारात कंदिलाची दोरी बांधत होती.

"काबरं इकी ऱ्हायनात?" मी विचारलं.

"तिन्हा हात आते चालत नही," नाना म्हणाले. "स्टेरिंग जड लागस तिले. घाटम्हा काही व्हई गयं म्हणजे?"

"जड गाडी शे," माय दारातून म्हणाली.

"गाडी जड नही. तुन्हा हात हलका व्हई ग्या."

हे वाक्य घरात आधी बरेच दिवस फिरत असणार, कारण माय त्यावर नुसती दोरी ओढत राहिली. मला ते एखाद्या पत्रकातल्या ओळीसारखं वाटलं. ऐकायला चपखल, आणि म्हणूनच तपासून बघावं असं.

माय अंगणवाड्यांची मुख्यसेविका आहे. तिची केंद्रं धडगावच्या आजूबाजूच्या डोंगरपाड्यांवर. सोमवारी घाट चढून जायचं, आठवडाभर धडगावच्या खोलीवर राहायचं, शुक्रवारी उतरायचं. कितीतरी वर्षं तिने हा घाट काळी-पिवळी जीपमध्ये बसून पार केला, आणि जागा नसेल तेव्हा मागच्या पायरीवर उभं राहून. त्याच पायरीवरून उतरताना एकदा पडली आणि उजवा हात मोडला. हाड जुळलं, पण खांदा पूर्वीसारखा वर जाईना. तेव्हा तिने ठरवलं की आता आपली आपण जाणार. आमच्याकडच्या बाया ज्या वयात गुडघ्याचं तेल विचारत फिरतात, त्या वयात ती नंदुरबारला ड्रायव्हिंग शिकायला जायची.

गाडी सुरतेकडून आलेली, जुनी, दोन मालकांनी वापरून सोडलेली. मायने ती एका गोष्टीसाठी निवडली. तिला पावर स्टेरिंग होतं. इंजिनाच्या जोरावर एक पंप तेल ढकलतो आणि ते तेल चाकं वळवायला मदत करतं, एवढंच ते. पण जिचा एक हात अर्धा उरला आहे, तिच्यासाठी तो तिसरा हात होता. तो नसला तर घाट नाही. घाट नसला तर पुन्हा जीपची पायरी. गाडी विकायची म्हणजे काय विकायचं ते घरात तिघांनाही ठाऊक होतं.

आता माझ्याविषयी थोडं. आमच्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. नाना ती लिहायचे, नंदुरबारला छापून आणायचे आणि आठवडे बाजारात वाटायचे. हुंड्याविरुद्ध, दारूविरुद्ध, लिंबू-मिरचीविरुद्ध. मी अक्षरं त्यांवरच शिकले. आमच्या घरात कधीही न बोलल्या जाणाऱ्या प्रमाण मराठीत ती पत्रकं गर्जायची, आणि मी अंगणात उभी राहून ती गर्जून वाचायची. आता मी स्वतः शहरात पत्रकं लिहिते. पत्रकाला एक सवय असते. पहिल्या ओळीत गुन्हेगार सापडलाच पाहिजे.

त्यामुळे खळ्यात पत्र्याखाली उभ्या गाडीपाशी गेले आणि पुढच्या डाव्या चाकाजवळ मातीत लाल डाग दिसला, तेव्हा मला माझा गुन्हेगार सापडला.

"माय! दसरा कव्हयच व्हई ग्या. आजून कुंकू?"

मग मी बोलत सुटले. की हे लोखंड आहे, लोखंडाला नवस लागत नाही. की यंत्र बिघडलं की ते उघडून बघायचं असतं, पुजायचं नसतं. माय हाताला लागलेला कंदिलाचा डिंक पुसत शांतपणे ऐकत राहिली.

"भाषण व्हयनं?" ती म्हणाली. "मी चाकले कुंकू लायेलच नही. बोनटले लायं, स्टेरिंगले लायं. नारय त्या बाजूले फोडं."

"मंग हाई काय शे?"

"मले वाटनं, नारयना पानीम्हा वघळीसन आथं उनं व्हई."

मी खाली बघितलं. खळ्याचा उतार उलट दिशेला होता. पाणी चढ चढून इकडे कशाला येईल?

"मी तं रोज ते वलांडीसन जास," माय म्हणाली. "कुंकूले पाय लागाले नको ना."

आम्ही दोघी उकिडव्या बसलो. इतके दिवस तिने त्या लालीला पाय लागू दिला नव्हता आणि मी आल्या आल्या तिच्यावर तुटून पडले होते. दोघींनी तिला कुंकूच समजलं होतं. मी बोट लावलं. कुंकू बोटावर कोरडं पडतं, भुरभुरतं. हे सरकत होतं. वासही वेगळा, तळलेल्या रबरासारखा.

"हाई तेल शे, माय."

"तेल कायं ऱ्हास." इंजिनाचं काळं तेलच तिच्या ओळखीचं होतं.

"हाई लाल शे."

तिने बोनेट उघडायला लावलं. आत पंपाजवळ एक छोटी डबी होती, तिच्यावर गोल स्टेरिंगचं चित्र. झाकण फिरवलं. तळाशी तेच लाल, आणि तेही जेमतेम. माय डबीत डोकावून बराच वेळ बघत राहिली, पाड्यावरच्या एखाद्या अशक्त पोराची जीभ बघावी तशी.

आता मला खरं कुतूहल लागलं. मी तिला विचारायला सुरुवात केली. जड नेमकं कुठे लागतं? सरळ रस्त्यावर नाही. तळोद्यापर्यंत तर काहीच नाही. घाटात, जिथे चाक पार टोकापर्यंत वळवावं लागतं तिथे. आणि गाडी उभी असताना, खळ्यातून काढताना.

"आनखी?"

"कन्हस," माय म्हणाली. "वळनवर गाडी कन्हस. जशी मी खांदा उचलतांना कन्हस ना, तशी. मले वाटे, मीच कन्ही ऱ्हायनी का काय."

"मेकॅनिकले हाई सांगं का?"

"त्यानी मले इचारं कोठे? त्यानी नानाले इचारं."

मेकॅनिक नंदुरबारचा. नानांनी गाडी त्याच्याकडे नेली होती. त्याने ती मोठ्या रस्त्यावर भरधाव पळवली आणि परत आणून सांगितलं की स्टेरिंग लोण्यासारखं आहे. भरधाव सरळ गाडीचं स्टेरिंग हलकंच लागतं. तेवढ्यावर गाडी निर्दोष सुटली आणि मायचा हात अडकला. मला राग आला, पण या वेळी राग बाजूला ठेवावासा वाटला, कारण प्रश्न जास्त चांगला होता. तेल कमी होतंय, मग ते जातंय कुठून? आणि जातंय तर डाग एवढासाच कसा?

माती पिऊन टाकत होती, हे मायनेच सांगितलं. खळ्याची माती भुसभुशीत. पांढरं काहीतरी अंथरायला हवं होतं. चादर द्यायला ती तयार नव्हती. मला माळ्यावरचे गठ्ठे आठवले. नानांची न वाटलेली पत्रकं, एका बाजूला छापलेली, मागे कोरी. एक गठ्ठा उतरवला आणि कोरी बाजू वर करून गाडीच्या पुढच्या भागाखाली ओळीने अंथरली.

सकाळी बघितलं तर सगळी कोरी.

मी हिरमुसले. माय मात्र म्हणाली, "गाडी निजेल व्हती. निजेल मानूस कन्हस का?" ती आत बसली, इंजिन सुरू केलं. "आते देख."

मी मातीवर आडवी झाले, गाल जमिनीला लावून. चाक सरळ होतं तोवर काही नाही. मायने उजवीकडे अर्धवट वळवलं, काही नाही. मग डावीकडे. पार टोकाला नेल्यावर आतून तो आवाज आला, लांबट, दुखऱ्या खांद्यासारखा. आणि पंपाकडून येणाऱ्या एका रबरी नळीच्या सांध्यावर लाल मणी फुगला, थरथरला, टपकन पत्रकावर पडला. मग दुसरा.

"उनं! माय, उनं!"

"सोडू का?"

"धर, धर! आजून धर!"

"हात दुखस वं!"

तिने सोडलं आणि मणी थांबले. पुन्हा टोकाला नेलं, पुन्हा आले. आम्ही हे किती वेळा केलं कुणास ठाऊक. गरज संपली होती, पण बघायचं मन भरत नव्हतं. गाडी जिथे सर्वांत जास्त जोर लावत होती तिथेच तिचं रक्त जात होतं, आणि ती जागा फक्त वळणावर दिसत होती. सरळ रस्त्यावर तपासून कुणालाच ती सापडली नसती.

आवाज ऐकून नाना खळ्यात आले. "मन्हा पत्रके खराब करी ऱ्हायन्यात तुम्ही!"

"जिंदगीम्हा पहिल्यांदाव कामले उनात," माय गाडीतून म्हणाली.

मी नानांना डाग दाखवले, नळी दाखवली. त्यांनी वाकून बघितलं, ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मंग तं आजूनच इकाले पाहिजे. बिघडेल गाडी ठेवीसन काय करशीत?" आणि आत निघून गेले. स्त्रियांच्या स्वावलंबनावर ज्यांनी गठ्ठेच्या गठ्ठे लिहिले ते हे माझे वडील. त्यांना मायची काळजी होती, हे खरं. पण काळजी कधीकधी हातातलं चाक काढून घेते, हे कुठल्याही पत्रकात छापून आलेलं मला आठवेना.

रविवारी गिऱ्हाईक आलं. अक्कलकुव्याला स्वतःची काळी-पिवळी चालवणारा गडी, मानेएवढे दंड. मी मायला आत ओढून सांगितलं की डबीत तेल घालू नको आणि बिघाड त्याला आधीच सांग, लपवणं अप्रामाणिकपणा आहे.

"सांगसू ना," माय म्हणाली. "पहिले त्याले फिरावू दे. मंग सांगसू."

तो बसला. इंजिन सुरू केलं. खळ्यातून बाहेर पडायचं तर चाक डावीकडे पूर्ण वळवून मागे घ्यावं लागतं, दुसरी वाट नाही. त्याने एका हाताने ओढलं. मग दोन्ही हातांनी. गाडी कण्हली. तो सीटवरून अर्धा उठला, दात आवळले, चाक थोडं फिरलं आणि अडलं.

"बाई, हाई काय शे? बैलगाडी शे का?"

माय पत्र्याच्या खांबाला टेकून उभी होती. तिने पदर नीट केला आणि अत्यंत काळजीने विचारलं, "भाऊ, तुम्हना हात हलका व्हई ग्या का?"

त्याला काही कळलं नाही. नानांना कळलं. ते कपाशीच्या ढिगाकडे बघत राहिले.

मग मायने सगळं सांगितलं. कुठली नळी, कुठल्या वळणावर, तेल कुठे दिसतं. तो हसला. दुरुस्ती करून घेईन म्हणाला, थोडं कमी करा. नानांनी मायकडे बघितलं. माय म्हणाली, "आते तं बिघाड कोठे शे ते कळनं. आते काबरं इकू?"

गडी चहा पिऊन गेला. जाताना म्हणाला, "बाई, घाटम्हा भेटनात तं हॉर्न द्या."

नळी नंदुरबारला मार्केट यार्डाजवळ मिळाली, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला लागणारे पाइप जिथे दाबून देतात तिथे. त्याच मेकॅनिकने ती बसवली. नवं लाल तेल भरलं. आत हवा राहिली की गाडी पुन्हा कण्हणार, म्हणून पुढची चाकं उचलून स्टेरिंग या टोकाकडून त्या टोकाला फिरवत राहायचं, डबीतले बुडबुडे संपेपर्यंत. तो फिरवायला बसू लागला तेव्हा मायने त्याला उठवलं. "मी फिरावस. तू बुडबुडा देख. आनि काही इचारनं व्हई तं मले इचार."

"इचारस, ताई," तो म्हणाला, आणि खरंच विचारू लागला. आता कसं लागतं? आता? बुडबुडे आधी फेसासारखे आले, मग सुटे, मग एखादाच. मी डबीवरून डोळे काढले नाहीत.

सुट्टी संपल्यावर, पुढच्या सोमवारी, मी तिच्याबरोबर वर गेले. तळोदा मागे पडलं, घाट लागला. पहिल्या मोठ्या वळणावर तिने चाक टोकापर्यंत नेलं आणि आम्ही दोघीही कान देऊन बसलो. गाडी गप्प. दुसऱ्या वळणावर एक हुंकार आला.

"गाडी?" मी घाबरून विचारलं.

"नही वं. मी शे." ती खांदा चोळत हसली. "हात दुखस. पन आते मन्हा मन्हा दुखस. गाडीनं दुखनं मन्हा नावावर नही."

धडगावला खोलीसमोर गाडी लावली. मी पिशवीतून एक पत्रक काढून कोरी बाजू वर करून चाकामागे सरकवलं. सकाळी अंगणवाड्यांचं सामान भरण्याआधी मायने ते ओढून काढलं. एकही डाग नव्हता. तिने खात्रीसाठी ते उलटं केलं आणि छापील बाजू दिसली तशी तिथेच, गाडीला टेकून, वाचू लागली. बाईने कुठे जावं, कशी जावं हे तिचं तिने ठरवावं, असं त्यात होतं. इतकी वर्षं ते आमच्या माळ्यावर होतं. तिने ते शेवटपर्यंत वाचलं, अगदी खाली छापखान्याच्या नावापर्यंत.

"चांगलं लिखेल शे," ती म्हणाली आणि घडी करून माझ्या हातात दिलं. "तुन्हा नानाले दे. म्हणावं, एकदाव वाची ल्या."