तेविसाव्या मजल्यावरची ‘ओ’

मंडळी, आधी कबुली देतो. मी सांगितलेल्या कुठल्याही गोष्टीत निम्मं खरं आणि निम्मा मीठमसाला असतो, हे आमच्या जुळे सोलापूर भागात सगळ्यांना ठाऊक आहे. माझं चष्म्याचं दुकान आहे. गिऱ्हाईक नंबर तपासायला येतं आणि तासभर गोष्टी ऐकून जातं. भुताखेतांच्या गोष्टी तर मी खास आवाज लावून सांगायचो, कारण त्यांवर माझा काडीइतकाही विश्वास नव्हता. समोरच्याचा चेहरा पांढरा पडताना बघायला मजा यायची, बस्स.

ही गोष्ट मात्र मी दुकानात एकदाही सांगितलेली नाही. इथं लिहितोय ती मसाल्याशिवाय...

गेल्या मे महिन्यातली. सोलापूरच्या उन्हाला कंटाळलेला माणूस थंड हवेसाठी कुठं जातो? महाबळेश्वरला. आणि मी कुठं गेलो? दुबईला! आमच्या मुक्तानं कुठल्याशा व्हिडिओत तिथली कारंजी पाहिली होती, आणि मुक्तानं मागितलं की माझ्या तोंडून ‘नाही’ निघत नाही. लग्नानंतर बारा वर्षांनी झालेली पोरगी. आता सहा वर्षांची. माझे चष्मे लपवणं हा तिचा मुख्य उद्योग. आणि हाक मारली की घराच्या कुठल्याही कोपऱ्यातून तिची लांबलचक ओ यायची — “ओऽऽऽ!” शेजारचे म्हणायचे, बापाचाच गळा आहे.

निघताना आईनं मला देवघरापाशी बोलावलं. आई वळसंगची, वय अठ्ठ्याहत्तर. म्हणाली, “सुभा, येताना पोरीला हाक मारून आण. इसरू नगं.”

ही आमच्या घरातली जुनी पद्धत. लहान लेकराला घेऊन परगावाहून निघताना दारात उभं राहायचं, आत तोंड करायचं आणि त्याच्या नावानं तीनदा हाक मारायची — चल, घरी चल. लेकराचा जीव जिथं रमतो तिथं मागं राहतो, असं आई म्हणते. मी लहानपणी मामाकडून निघालो की आई अशीच दारात उभी राहून हाका मारायची आणि मी लाजेनं गाडीत तोंड लपवायचो.

“मारतो की,” मी म्हणालो. “सगळी दुबई जागी होईल अशी मारतो.”

“चेष्टा न्हाय करायची,” आई म्हणाली.

दुबईचं वर्णन करत बसत नाही. काचेचे उंच मनोरे, मॉलच्या आत बर्फ, मासे पोहतायत त्या काचेला नाक लावून आमची पोरगी. हॉटेलात तेविसाव्या मजल्यावर खोली होती, २३१७. मुक्ताला सगळ्यात जास्त काय आवडलं असेल? बाथटब! समुद्र, कारंजी सगळं सोडून ती त्या कोरड्या टबात भातुकली मांडून बसायची. आमची खोली आवरायला शहाजी म्हणून एक जण यायचा. चाळिशीचा, चक्क अकलूजचा. त्याच्या दोन मुली गावाकडं. तो मुक्ताला टॉवेलचे हत्ती करून द्यायचा आणि बदल्यात आमच्याकडची कडक भाकरी आणि शेंगाचटणी डोळे मिटून खायचा. फोन नंबर घेतले-दिले, तसे सगळेच घेतात.

निघायच्या दिवशी मुक्ता टबातून उठेना. रेखा, म्हणजे माझी बायको, बॅगा घेऊन लिफ्टपाशी उभी. खाली गाडी आलेली. मी तीनदा समजावलं, चौथ्यांदा डोकं फिरलं.

“मी इथंच राहणार,” मुक्ता म्हणाली.

“बरं. राहा मग. आम्ही जातो.”

एवढंच. कुठला बाप म्हणत नाही हो हे? आणि खरंच मी पाठ फिरवून दारापर्यंत आलो. मागं वळून पाहिलं, तर मुक्ता गुपचूप माझ्या मागं उभी होती. मी खूश! म्हटलं, काय नामी युक्ती.

लिफ्टमध्ये रेखा म्हणाली, “अहो, आईंनी हाक मारायला सांगितली होती ना?”

“मारली,” मी म्हणालो.

मारली नव्हती. कॉरिडॉरमध्ये गोरी मंडळी उभी होती, सुटाबुटातली. मला लाज वाटली. नाटकात काम करणारा मी, गणपतीत माईकशिवाय गल्ली गाजवणारा मी... मला लाज वाटली.

घरी आल्यावर आईनं पहिला प्रश्न तोच केला. मी काय करावं? अभिनय करून दाखवला! दारात कसा उभा राहिलो, कशी हाक मारली, कसा एक अरब दचकला. शेजारी हसून हसून बेजार. आई एकटी हसली नाही. ती मुक्ताकडं बघत होती.

मुक्ता शांत होती. प्रवासाचा शीण, आम्ही म्हटलं.

दुसऱ्या दिवशीही शांत. चौथ्या दिवशीही. जेवायला दिलं की जेवायची, झोप म्हटलं की झोपायची. हट्ट नाही, भांडण नाही. माझा चष्मा ठेवला तिथंच सापडायचा. शेजारच्या वहिनी कौतुकानं म्हणाल्या, “परदेश मानवला हो हिला! किती शहाणी झाली!” आणि मी विषय बदलला.

कारण तोवर माझ्या लक्षात आलं होतं, की हाक मारली की मुक्ता ओ देत नाही.

खांद्याला हात लावला की वळायची. ‘जेव’, ‘ये’, ‘बस’ सगळं ऐकायची. पण ‘मुक्ता’ म्हटलं तर कुणा दुसऱ्याचं नाव घेतल्यासारखी समोर बघत राहायची. डॉक्टरांनी कान तपासले, उत्तम. म्हणाले, सुट्टीनंतर मुलं अशी होतात, थोडा वेळ द्या. वेळ दिला. मी दिवसातून पन्नास वेळा हाक मारायचो. स्वयंपाकघरातून, गच्चीवरून, वेगवेगळे आवाज काढून. रेखा शेवटी रडायला लागली. “पुरे करा हो. तुम्ही हाक मारता आणि ती बघत नाही, ते मला बघवत नाही.”

अकराव्या दिवशी दुपारी, साधारण साडेतीनला, मी दुकान बंद करून जेवायला घरी आलो होतो. मुक्ता झोपाळ्यावर बसली होती. झोका न घेता. फोन वाजला. परदेशातला नंबर.

“साहेब, शहाजी बोलतोय. राग मानू नगा... मुक्ता कुटं हाय आत्ता?”

“ही काय, समोर. का हो?”

“नक्की समोर हाय?”

“शहाजी, काय झालंय?”

“तुमी गेल्यापास्नं तेवीस-सतरात तीन पार्ट्या आल्या. तिगांनी खोली बदलून मागितली. म्हणत्यात, बाथरूममदी पोरगी बोलती. मॅनेजर म्हणला, पायपातनं आवाज येत आसंल. आज खोली रिकामी हाय, म्हणून म्या एकलाच आत गेलो. साहेब, मराठी बोलती ती.”

“काय बोलते?”

“सारकं एकच. ‘बाबा, येऊ का आता?’”

मी खाली बसलो. ‘राहा मग’ हे मी रेखालाही सांगितलं नव्हतं. ते फक्त मला आणि मुक्ताला माहीत होतं.

आई दारात आली होती. तिला काय ऐकू गेलं आणि काय नाही, देव जाणे. मी म्हणालो, “आई... मी हाक मारली नव्हती.”

मला वाटलं, ती ओरडेल. ती म्हणाली, “ठावं हाय मला. ऊठ. आता मार.”

“इथून?”

“मग काय इमानाचं तिकीट काढतोस? त्या माणसाला सांग, फोन तितं ठिव आन् दारं उघडी टाक. सगळी.”

शहाजीनं एका शब्दानं हुज्जत घातली नाही. फोन स्पीकरवर टाकून टबाच्या काठावर ठेवला, बाथरूमचं दार उघडलं, खोलीचं दार उघडलं आणि स्वतः बाहेर कॉरिडॉरमध्ये जाऊन उभा राहिला. मी आमच्या उंबऱ्यावर उभा राहिलो. रेखानं मुक्ताचा हात घट्ट धरला होता.

“मुक्ता... चल, घरी चल.”

ती पुटपुटल्यासारखी झाली. दुसऱ्यांदा मारली, ती मात्र पल्लेदार, रंगमंचावरची. मलाच खोटी वाटली.

आई म्हणाली, “नाटकातली नगं, सुभा. बापाची मार.”

तिसरी हाक कशी मारली, मला सांगता येणार नाही. एवढं आठवतं की “राहू नको गं, चुकलं माझं, घरी चल मुक्ता” असं काहीतरी म्हणालो, आणि गल्लीतली दोन-तीन दारं उघडली.

“ओऽऽऽ!”

झोपाळ्यावरून. मग लगेच, “किती ओरडता बाबा! इथंच तर आहे मी.” आणि रेखाकडं वळून, “आई, हात दुखतोय. सोड ना.”

रेखा तिला कुशीत घेऊन हुंदके देत होती आणि मुक्ता शेंगाचटणी मागत होती.

थोड्या वेळानं शहाजीनं आत येऊन फोन उचलला. मी विचारलं, “ऐकलंत? ओ दिली तिनं!”

“ऐकली,” तो म्हणाला. “पर फोनमधनं न्हाय साहेब. फोन आत व्हता, म्या बाहेर उबा. ओ माज्या कमरंजवळनं गेली. लिफ्टकडं.”

आता तुम्ही म्हणाल, फोनच्या स्पीकरचा आवाज घुमला असेल. शहाजी घरच्या आठवणीनं हळवा झाला असेल. मुलं खरंच सुट्टीनंतर रुसत असतील आणि बापाच्या रडण्यानं वितळत असतील. हे सगळं मी स्वतःलाच सांगून बघितलंय, चांगलं रंगवून. पण ‘येऊ का आता’ याचं काय करू? ते कुठल्याच उत्तरात बसत नाही. त्या खोलीत पुन्हा आवाज आला नाही, असं शहाजीनं नंतर एकदा फोनवर सांगितलं. गावाकडं आला तेव्हा तो आमच्याकडं जेवून गेला, पण या विषयावर आम्ही दोघंही बोललो नाही.

मुक्ता पहिल्यासारखी झाली आहे. हे लिहिताना माझा चष्मा सापडत नाहीये, जुन्यावर भागवतोय. आता आम्ही कुठूनही निघालो, अगदी अकलूजच्या लग्नाच्या कार्यालयातूनही, की मी दारात उभा राहून तीनदा हाक मारतो. लोक हसतात. खुशाल हसा.

फक्त एक आहे. पोरगी मोठी वस्ताद. हाक मारली की कधीकधी मुद्दाम दाराआड दडून गप्प बसते, बाबांची गंमत करायला. दोन-तीन सेकंदच. मग ओ येते, आणि ती हसत बाहेर येते. मीही हसतो, पण जरा उशिरा... आधी तिच्या खांद्याला हात लावून बघतो, आणि मग.